पाणी कोण पीत नाही?

चैत्र लागला की कोल्हापुरात पाण्याबद्दलचे सल्ले सुरू होतात. दिवसाला आठ ग्लास प्या, चार लिटर प्या, पहाटे उठल्या उठल्या तांब्याभर प्या, जेवताना पिऊ नका, उभ्यानं प्याल तर गुडघे जातील. मोबाईलवर फिरणाऱ्या या याद्यांमध्ये सांगावं लागतं कुणाला, हा प्रश्न मात्र कधीच नसतो. ज्याच्या टेबलावर भरलेली बाटली आहे आणि दहा पावलांवर स्वच्छ संडास आहे, त्या धडधाकट माणसाचं शरीर पाण्याचा हिशेब स्वतःच चोख ठेवतं. ज्यांना तहान नीट लागत नाही, किंवा लागूनही पाणी पिता येत नाही, त्यांची खरी काळजी करायला हवी. हा हिशेब कसा चालतो ते आधी बघू, म्हणजे तो कुणाच्या बाबतीत आणि कुठं बिघडतो ते कळेल.

आठ ग्लासांच्या आकड्याची मुळं शोधायला गेलं की गाडी १९४५ सालापाशी येऊन थांबते. त्या वर्षी अमेरिकेतल्या अन्न आणि पोषण मंडळानं मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं, आणि यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं असं लगोलग पुढं म्हटलं. पहिली ओळ जगभर गेली, दुसरी मागंच राहिली. पुढं २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या किडनीच्या अभ्यासकानं सगळं जुनं लिखाण चाळलं आणि निरोगी माणसाला आठ ग्लासांची सक्ती करायला शास्त्रीय आधार सापडत नाही असं मांडलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० साली पुरुषांसाठी अडीच लिटर आणि बायकांसाठी दोन लिटर हा आकडा दिला, पण तोही जेवणातलं पाणी धरून आणि तिथल्या माफक हवामानासाठी.

आपल्या ताटात पाणी कमी नसतं. शिजलेल्या भातात दोनतृतीयांशाहून जास्त पाणी असतं, काकडीत पंचाण्णव टक्के, कलिंगडात नव्वदच्या वर. आमटी, पातळ भाजी, ताक, दूध हे सगळं त्यात धरायचं. चहाही धरायचा. चहानं पाणी शरीराबाहेर जातं असं सर्रास ऐकायला मिळतं. कॅफिनमुळं लघवी थोडी वाढते हे खरं, पण रोज चहा पिणाऱ्याला त्याची सवय झालेली असते आणि कपात गेलेलं पाणी बहुतांश शरीरातच राहतं. दारूचं तसं नाही. पाणी धरून ठेवायला सांगणारं संप्रेरकच ती दाबून टाकते, म्हणून रात्री दारू पिणाऱ्याची जीभ सकाळी कोरडी आणि डोकं जड असतं.

आता शरीराच्या आत डोकावू. साठ किलो वजनाच्या पुरुषात साधारण छत्तीस लिटर पाणी असतं. बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असल्यानं ते थोडं कमी असतं, तान्ह्या बाळात वजनाच्या पाऊण हिश्श्यापर्यंत असतं, आणि वय वाढेल तसं कमी होत जातं. या छत्तीस लिटरांपैकी चोवीस लिटर पेशींच्या आत असतं. उरलेलं बारा लिटर पेशींच्या बाहेर असतं, आणि त्यातलं जेमतेम तीनेक लिटर रक्तातला पातळ भाग म्हणून फिरतं. हृदयाला दाब ठेवायला, मेंदूला प्राणवायू पोचवायला, घामाला पाणी पुरवायला हाताशी एवढंच असतं. त्यात थोडी घट झाली तरी उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते ती यामुळंच.

शरीर पाणी किती आहे हे थेट मोजत नाही. ते मुख्यतः रक्त किती खारट झालंय ते मोजतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. रक्तातल्या क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली की तिथल्या पेशी आक्रसतात, आणि त्यावरून दोन हुकूम सुटतात. पहिला पिट्युटरी ग्रंथीला जातो. ती व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, आणि ते किडनीला पाणी राखायला सांगतं. त्याच्या पाठोपाठ दुसरा हुकूम येतो तो आपल्याला जाणवतो, तो म्हणजे तहान.

व्हॅसोप्रेसिनचं काम आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखं आहे. धरणात पाणी किती उरलंय ते बघून कुठला दरवाजा किती उघडायचा हे पाटकरी ठरवतो, शेतकऱ्याला त्यात डोकं घालावं लागत नाही. किडन्या दिवसभरात सुमारे एकशे ऐंशी लिटर पाणी रक्तातून गाळून बाजूला काढतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. बाहेर पडते ती दीड-दोन लिटर लघवी. हे परत घेणं अगदी शेवटच्या टप्प्यावर कमी-जास्त करता येतं. तिथल्या पेशींच्या भिंतीत पाणी जाण्यापुरत्या बारीक वाटा असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. व्हॅसोप्रेसिन आलं की या वाटा वाढतात, पाणी परत आत येतं, लघवी थोडी आणि गडद होते. ते ओसरलं की वाटा कमी होतात आणि लघवी पाण्यासारखी फिकट होते. पीटर ॲग्रे यांनी १९९२ च्या सुमारास या वाटा शोधल्या आणि त्याबद्दल त्यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याच्यावरून घरच्या घरी करता येणारी तपासणी निघते. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक आहे. दुपारीसुद्धा ती गडद पिवळी, थोडी आणि उग्र वासाची होत असेल तर पाणी कमी पडतंय. सकाळची पहिली लघवी गडदच असते, तिच्यावरून काही ठरवू नका. बी कॉम्प्लेक्सच्या गोळीनंही रंग झगझगीत पिवळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण किडनीच्या बचतीला मर्यादा आहे. शरीरातली घाण विरघळवून बाहेर टाकायला रोज निदान अर्धा लिटर लघवी लागतेच. त्याखेरीज श्वासातून आणि त्वचेतून नकळत दिवसाला पाऊण लिटरभर पाणी उडून जातं, घाम वेगळाच. म्हणजे किडनी पाणी वाचवू शकते, तयार करू शकत नाही. ते तोंडातूनच आत जावं लागतं.

ज्याची तहान शाबूत आहे आणि ज्याच्या हाताशी पाणी आहे, त्यानं तहान लागली की प्यावं, जेवताना प्यावं, उन्हात जाताना थोडं जास्त प्यावं. एवढं बास आहे. जेवताना पाणी प्यायल्यानं पचन बिघडतं किंवा उभ्यानं प्यायल्यानं गुडघे दुखतात याला पुरावा नाही. जास्त पाण्यानं त्वचा उजळते, शरीरातली विषं धुऊन निघतात, हेही आकर्षक बोलणंच आहे. पुरेशा पाण्याचे खरे फायदे साधे पण मोलाचे आहेत. मुतखडा होऊन गेलेल्या माणसानं दोन लिटरच्या वर लघवी होईल इतकं पाणी पीत राहिलं तर खडा पुन्हा होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास येते, हे इटलीत १९९६ साली झालेल्या अभ्यासात दिसलं. पाणी कमी पडलेल्या माणसाचा मलावरोध पाण्यानं सुटतो, डोकेदुखी थांबते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांएवढं पाणी कमी झालं की काम करण्याचा दम आणि लक्ष दोन्ही खाली येतात. साठ किलोच्या माणसाला ते सव्वा लिटर होतं, आणि कोल्हापूरच्या मेमध्ये सव्वा लिटर घाम जायला फार वेळ लागत नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत हे उघड दिसतं. डोंगर चढून आलेली माणसं, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला दगड, आणि तीस-चाळीस फुटी सासनकाठी पेलत गुलालात नाचणारी पोरं. अशा श्रमात तासाला एक ते दीड लिटर घाम सहज जातो. एक लिटर घाम पुरता सुकला तर शरीरातली साधारण पाचशे ऐंशी किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि याच कामासाठी तो येतो. घाम गळला, अंगावरून ओघळून जमिनीवर पडला, तर पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. वळिवाच्या आधीच्या दमट दिवसांत नेमकं हेच होतं. ऊन तितकंसं वाटत नाही, पण घाम सुकत नाही म्हणून शरीर आणखी घाम काढत राहतं. त्या दिवसांत सावलीत बसणं, वारा घेणं, अंग ओल्या फडक्यानं पुसणं हे पाणी पिण्याइतकंच महत्त्वाचं आहे. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चक्रावला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात समजायचा. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत वारा घालायचा आणि लगेच १०८ ला फोन करायचा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

घामाबरोबर मीठही जातं. चार-पाच तास घाम गाळल्यावर नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या पट्ट्यात राहायला हवं. फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, शेवटी फिट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या धावपटूंच्या रक्ताचे नमुने घेतले, तर तपासलेल्यांपैकी तेरा टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि ज्यांनी वाटेत भरमसाट पाणी प्यायलं होतं त्यांच्यात ते जास्त आढळलं. कष्टाच्या कामावर मिठाचं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, नाहीतर पाण्यासोबत भाकरी आणि चटणी, यातलं काहीही चालतं. गुऱ्हाळावर चुलवाणात जळण सारणारा आणि उकळत्या काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. उसाचा रस मात्र तहान भागवायला म्हणून ग्लासामागून ग्लास पिऊ नये. मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या पुढं साखर असते. मधुमेह असलेल्यानं तर अजिबातच नको. आणि पाणी पिऊनही तहान भागत नाही, रात्रीतून चार-चारदा लघवीला उठावं लागतं, असं दिसलं तर उन्हाळ्याला दोष न देता रक्तातली साखर तपासून घ्यावी.

तालमीतल्या पोरांबद्दल वेगळं लिहायला हवं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, ही नावं कोल्हापूरच्या बाहेरही आदरानं घेतली जातात. मॅटवरची कुस्ती वजनगटात चालते, आणि खालच्या गटात बसायला दोन-तीन दिवसांत चार-पाच किलो वजन 'तोडायची' रीत तिथं रुजली आहे. एवढ्या कमी वेळात चरबी उतरत नाही, उतरतं ते पाणी. जेवण बंद, पाणी बंद, अंगात जाड जर्किन, वर प्लास्टिक गुंडाळून पळायचं, थुंकत राहायचं. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महिन्याभराच्या अंतरात तीन कॉलेज कुस्तीगीर याच पायी मेले. गरम खोलीत, रबरी पोशाखात व्यायाम करत होते. घाम सुकायला जागा नव्हती, रक्त घट्ट झालं, शरीर तापत गेलं. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी पोशाखावर बंदी आली, आणि वजनगट ठरवण्याआधी लघवी तपासून पोराचं शरीर कोरडं पडलेलं नाही ना हे बघायचा नियम झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट शंभर ग्रॅमनं अपात्र ठरल्या, तेव्हा रात्रभर वजन उतरवण्याच्या धडपडीनंतर शरीरातलं पाणी कमी झाल्यानं त्यांना वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. सगळ्या देशानं ते बघितलं. आपल्या तालमींच्या वस्तादांनी लघवी तपासायचा हा नियम जरूर उचलावा असं मला मनापासून वाटतं. लाल मातीत घडलेलं पोरगं वजनकाट्यावर उभं राहण्यासाठी स्वतःची किडनी पणाला लावतंय, हे बघवत नाही.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडं येऊ. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. रक्त खारट झालेलं असतं, हायपोथॅलॅमसला ते कळायला हवं, पण आजी म्हणतात "नको बाळ, आत्ताच प्याले", आणि ते 'आत्ताच' सकाळचं असतं. किडनीची पाणी राखायची ताकदही वयाबरोबर कमी होते. वर रक्तदाबासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू असते. शिवाय गुडघे दुखतात, संडास वाड्याच्या मागच्या बाजूला असतो, रात्री उठायची भीती असते. म्हणून संध्याकाळपासून पाणी मुद्दाम बंद केलेलं असतं. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात भर दुपारी पंखा लावून खाटेवर पडलेल्या आजी एरवी गप्पिष्ट असतात. त्या अचानक उलटसुलट बोलायला लागतात, नातवाला मुलाच्या नावानं हाक मारतात, उठताना तोल जातो. घरात सगळ्यांना वाटतं वय झालं, आता विसरायला लागली. त्यात जीभ बघायची कुणाला आठवण राहत नाही. ती कोरडी, चिरा पडलेली असते. म्हातारपणात त्वचा तशीही सैल झालेली असते, त्यामुळं हातावरची कातडी चिमटीत धरून बघण्याची तपासणी इथं कामाची नाही. अशा अचानक आलेल्या गोंधळामागं पाण्याची कमतरता, संसर्ग, कमी झालेलं सोडियम, यातलं काहीही असू शकतं, म्हणून तो दवाखान्यात दाखवायचाच असतो.

यावर उपाय म्हणून आजींना "पाणी प्या" असं सांगून फार उपयोग होत नाही. ग्लास भरून हातात द्यावा लागतो, आणि आपणही शेजारी बसून प्यावं लागतं. गोळ्यांसोबत घोटभराऐवजी पूर्ण ग्लास द्यावा. सकाळी चहा, अकराला ताक, जेवणाला पातळ आमटी, चारला पुन्हा चहा, सहाच्या आत सरबत किंवा दूध, असं दिवसा वाटून दिलं की रात्रीची धास्ती कमी होते. संडासच्या वाटेवर रात्री दिवा ठेवला, भिंतीला धरायला दांडी बसवली, तर पाणी पिण्यावर त्याचा परिणाम सल्ल्यापेक्षा जास्त होतो. एक अपवाद इथं पक्का लक्षात ठेवायचा. हृदय कमजोर असलेले, किडनी निकामी होत आलेले, डायलिसिसवर असलेले, यांना डॉक्टरांनी पाण्याचा ठरावीक आकडा दिलेला असतो. त्यांनी तो आकडा पाळायचा, या लेखातला कुठलाही सल्ला नाही.

तान्ह्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी द्यायचं नाही, उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात लागेल तेवढं पाणी असतं. मात्र जुलाब लागले की लहान मुलाचं शरीर काही तासांत कोरडं पडू शकतं, कारण त्याचा साठा थोडा आणि उलाढाल मोठी. डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, सहा तासांत लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली जाते, पोर मलूल पडलंय, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही.

जुलाबावर ओआरएस का लागतं आणि नुसतं पाणी का पुरत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडी १९६० साली मांडली. कॉलऱ्यातही हे दार चालूच राहतं, ही आपल्या भाग्याची गोष्ट. १९७१ साली बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं, आणि तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आज पुडीत असतं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे: एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. पुडी लिटरची असेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात एकदम कालवायची. अर्धी आज, अर्धी उद्या असं करायचं नाही, आणि दुधात किंवा सरबतात तर नाहीच. पुडी हाताशी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पोहे खायचा नाही, चहाचा. मीठ जास्त पडलं तर उपायाचाच अपाय होतो. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागं पन्नास ते शंभर मिली, म्हणजे मोठा कप पाव ते अर्धा, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सोबत डॉक्टरांना विचारून झिंकची गोळी दहा ते चौदा दिवस.

मेडिकलमध्ये ओआरएससारख्या नावाची गोड पाकिटं मिळायची, त्यात साखर कितीतरी जास्त असायची. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असल्या पेयांवर ओआरएस हे नाव छापायला मनाई केली. तरीही पाकीट उलटं करून प्रमाण वाचूनच घ्या.

आणि हे सगळं पाणी स्वच्छ असायला हवं. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची जी साथ आली ती पंचगंगेकाठच्या लोकांना विसरता येणार नाही. २०१९ च्या पुरात शहर पाण्यात होतं आणि उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळ कोरडे होते. पूर ओसरल्यावर कितीतरी दिवस पाणी खळखळून उकळून घेण्याला पर्याय नसतो.

आतापर्यंत ज्यांची तहान चुकते त्यांच्याबद्दल लिहिलं. ज्यांची तहान अगदी बरोबर लागते आणि तरीही ज्या पीत नाहीत, त्या बायकांबद्दल आपल्याकडं फार कमी बोललं जातं. मंडईत पहाटेपासून भाजी घेऊन बसलेली मावशी, दिवसभर एसटीत तिकिटं फाडणारी कंडक्टर ताई, संडासला कडी नसलेल्या शाळेतली आठवीतली मुलगी, या सगळ्या घरातून निघतानाच ठरवतात की आज पाणी नको. प्यायलं तर जावं लागेल, आणि जायला जागा नाही. असं वर्षानुवर्षं चालतं. लघवी कमी झाली आणि तुंबून राहिली की मूत्राशयातले जंतू धुतले जात नाहीत. जळजळ, थंडी वाजून ताप, पुन्हा पुन्हा तेच. वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या बायकांवर २०१८ साली छापून आलेला एक अभ्यास आहे. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी वाढवायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, न वाढवलेल्यांना ३.२ वेळा. औषधाशिवाय जवळजवळ निम्मा. पण हे दीड लिटर पाणी मंडईतल्या मावशीला सांगायचं कुठल्या तोंडानं? केरळात २०१९ साली काही शाळांनी पाणी प्यायची घंटा सुरू केली, तिचं अनुकरण इतरत्रही झालं. चांगलीच गोष्ट आहे. कोल्हापुरात ती घंटा वाजवताना मुलींच्या संडासला कडी, पाणी आणि दिवा आहे का हे आधी बघावं.

शेवटी ऊस. दिवाळीच्या पुढंमागं जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीड, जत, विजापूरकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोचा एक कोयता. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं, दुपारचं ऊन पाठीवर घेत तोडायचं, मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत भरायच्या. उचल घेतलेली असते, टनावर पैसे असतात, म्हणून पाण्यासाठी थांबणं म्हणजे मजुरी घटणं. पाणी असतं ते फडाच्या टोकाला प्लास्टिकच्या कॅनमध्ये, उन्हात तापलेलं. बाईला आडोसा नसतो, त्यामुळं ती आणखी कमी पिते.

मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या ऊसपट्ट्यात, गेल्या काही दशकांत तरुण तोडणी कामगारांच्या किडन्या निकामी होऊन हजारो माणसं मेली. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. नेमकं कारण एकच की अनेक, यावर अजून अभ्यास चालू आहे, पण रोज उन्हात राबताना होणारी उष्णतेची आणि पाण्याची ओढाताण हा त्यातला मोठा भाग मानला जातो. किडनीला रक्त कमी पोचतं, लघवी फार घट्ट होते, आणि हा मार रोज थोडा थोडा पडत राहतो. निकाराग्वातल्या एका साखर कारखान्यानं मग कामगारांसाठी फडाजवळ सावलीचे तंबू, थंड पाणी आणि सक्तीची विश्रांती सुरू केली. विश्रांतीचे अवकाश वाढवल्यावर हंगामात किडनीला इजा होणाऱ्यांचं प्रमाण घटलं.

आपल्या तोडणी कामगारांच्या बाबतीत त्यापेक्षा मोठं काही लागत नाही. ट्रॅक्टरमागं झाकणाचा, ओल्या गोणपाटानं गुंडाळलेला पाण्याचा टाका, फडाच्या बांधाला ताडपत्रीची सावली, दर तासाला दहा मिनिटं थांबायची मुभा आणि ती मजुरीतून न कापण्याची हमी, दुपारी मिठाचं ताक, आणि बायकांसाठी उचलून नेता येईल असा कडीचा संडास. कारखाना, ऊस वाहतूकदार आणि मुकादम या तिघांच्या करारात तोडणीचा दर लिहिला जातो. त्याच कागदावर या पाच गोष्टी लिहायला जागा आहे, आणि पुढचे करार दसऱ्याच्या आधी होतात.